एक्स्चेंजच्या वर्षातली युरोप बस टूर: आधी बस समजून घ्या

टूरचा कागद हातात पडला की सगळ्यांची नजर आधी शहरांवर जाते. प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, नीस, बार्सिलोना, पॅरिस. माझं म्हणणं, आधी मधली अंतरं बघा. व्हिएन्ना ते व्हेनिस साधारण ६०० किलोमीटर, रोम ते नीस ७००च्या आसपास, बार्सिलोना ते पॅरिस हजाराच्या वर. हे सगळं एकाच बसमध्ये, पन्नासेक पोरांबरोबर, आणि त्यातल्या बहुतेकांना तुम्ही पहिल्या दिवशी ओळखतही नसता. या टूरमध्ये तुमचं सगळ्यात जास्त बसणं त्या सीटवर होणार आहे. ते नीट जमलं की शहरं आपोआप नीट बघून होतात, कारण उतरताना अंगात त्राण असतं.

मी रोटरी यूथ एक्स्चेंजमधून, म्हणजे वर्षभर परदेशी कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायच्या योजनेतून, जर्मनीला होते, ब्रेमेनजवळच्या एका गावात, आणि आमची टूर वसंतात निघाली. युरोपातले बरेच रोटरी डिस्ट्रिक्ट (विभाग) आपल्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांसाठी अशी टूर काढतात. दुसऱ्या संस्थेतून गेलात तरी प्रकार साधारण हाच. नंतर जाणारी पोरं मला दर वर्षी तेच ते विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे.

कागदपत्रं अंगावर

पासपोर्ट आणि रहिवास परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ, दोन्ही अंगावर. डिकीतल्या सुटकेसमध्ये अजिबात नाही. जर्मनीचं ते प्लॅस्टिकचं कार्ड असेल तर शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) बाकी देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पण कार्डाबरोबर चालू पासपोर्ट असावाच लागतो. कार्ड अजून आलं नसेल आणि नुसता अर्ज केल्याचा कागद हातात असेल, तर टूरचे पैसे भरण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन विचारा. त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येईलच असं नसतं.

टूरमध्ये लंडन असेल तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे अडत नाही. आणि "शेंगेनमध्ये सीमेवर कुणी विचारत नाही" हे आता विसरा. सप्टेंबर २०२४पासून जर्मनी आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी करते आहे, आणि परदेशी पोरांनी भरलेली बस पोलिसांच्या नजरेत लगेच भरते. आमच्या बसमध्ये एका मुलाचा पासपोर्ट नेमका डिकीत, सगळ्यात आतल्या बॅगेत होता. पाऊस पडत होता. पुढचं सांगत नाही. त्याला उरलेल्या टूरभर सगळ्यांच्या बॅगा उचलाव्या लागल्या, एवढंच.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा, व्हिसाचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो होस्ट आईबाबांकडेही (ज्यांच्या घरी राहता त्यांच्याकडे) पाठवून ठेवा.

ड्रायव्हरचं घड्याळ

टूरचं सगळं वेळापत्रक ज्यावर उभं असतं ती गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही. युरोपियन युनियनचा २००६चा एक नियम आहे, क्रमांक ५६१. साडेचार तास गाडी चालवून झाली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं थांबावंच लागतं. ही विश्रांती तुकड्यांत घेता येते, टाळता येत नाही. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० तासांपर्यंत. रोजची सलग विश्रांती ११ तासांची, आणि ती ९ तासांवर आणायची मुभा मोजक्याच वेळा मिळते. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात ड्रायव्हरच्या कार्डावर नोंदलं जातं. पोलीस रस्त्यात थांबवून ते तपासू शकतात.

आता तुमचा याच्याशी संबंध काय? समजा रात्री हॉटेलवर पोचून बस बंद करायला साडेदहा वाजले. ११ तास धरले तर सकाळी साडेनऊच्या आधी तो ड्रायव्हर बस हलवू शकत नाही. म्हणजे संध्याकाळी चौघं आइस्क्रीमच्या रांगेत अडकली आणि बस चाळीस मिनिटं उशिरा निघाली, तर ती चाळीस मिनिटं दुसऱ्या दिवशीच्या फ्लॉरेन्समधून कापली जातात. आमच्या टूर लीडरने सुरुवातीलाच हा हिशोब कागदावर मांडून बसच्या पुढच्या काचेला आतून चिकटवला. त्यानंतर उशिरा येणाऱ्याकडे अख्खी बस ज्या नजरेने बघायची, तिच्यापुढे लीडरला वेगळं रागवावं लागलं नाही.

दोन ड्रायव्हर असतील तर गणित बदलतं, बस जास्त वेळ चालू शकते. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि ड्रायव्हरचं नावही विचारा. सकाळी नावाने गुड मॉर्निंग म्हणणाऱ्या पोरांच्या विसरलेल्या टोप्या आणि चार्जर जपून ठेवले जातात, हा माझा अनुभव. ४५ मिनिटांच्या थांब्यात मात्र त्याला "जरा डिकी उघडता का" असं विचारायला जाऊ नका. ती त्याची विश्रांती आहे. काम केलं तर ती विश्रांती धरली जात नाही, आणि नियमाने पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल.

अजून एक: गूगल मॅप्स कारची वेळ दाखवतं. युरोपात अशा मोठ्या बसला ताशी १०० किलोमीटरवर वेग बांधलेला असतो, त्यात थांबे, त्यात शहरात शिरतानाची कोंडी. मी सरळ दीडपट धरायचे. मॅप सहा तास म्हणाला की नऊ तासांचं पाणी, खाणं आणि फोनचं चार्जिंग.

सीट

पहिल्या सकाळी शेवटच्या रांगेवर झडप पडते. मागची ती पाच जणांची लांब सीट म्हणजे मानाची जागा. पडू द्या झडप. मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे ती सगळ्यात जास्त हेलकावते, इंजिन तिथेच असतं, गरम होतं, आणि मध्यरात्रीपर्यंत स्पीकर तिथेच वाजतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या भागात, किंवा निदान पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या रांगांत, खिडकीशी बसावं. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय, आणि डोळे फोनचा स्थिर पडदा बघत असतात. या भांडणात पोट ढवळतं. डोळ्यांना लांबचा रस्ता दिसला की बरंच भागतं.

आल्प्स ओलांडताना हे लक्षात ठेवा. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीकडे जाताना यूरोपाब्रुक्के नावाचा पूल लागतो, तळाच्या दरीपासून जवळजवळ १९० मीटर उंच. खिंड स्वतः १३७० मीटरवर आहे. हा भाग खाली मान घालून मेसेज टाइप करण्यात घालवणाऱ्यांचं दुहेरी नुकसान होतं. पण माझ्या मते ब्रेनरपेक्षा जास्त त्रास जेनोआ ते नीस या किनाऱ्याच्या रस्त्यावर होतो. डोंगर सरळ समुद्रात उतरलेले, त्यामुळे बोगदा, पूल, बोगदा, पूल, आणि डोळ्यांवर सारखा उजेड-अंधार. तिथे डोळे मिटून गाणी ऐकणं सगळ्यात बरं. समुद्र नीसमध्ये पोटभर बघता येतो.

गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी अर्धा ते एक तास. ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते. होस्ट आईबरोबर जाऊन औषधाच्या दुकानातून आधीच विचारून आणा आणि टूर लीडरला सांगून ठेवा. आपली गोळी शेजारच्या मुलीला देऊ नका. तिला कसली ॲलर्जी आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

उन्हाची बाजूही बघायची असते. बस दक्षिणेला चालली असेल तर सकाळी ऊन डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. मे महिन्यातल्या स्पेनमध्ये हे कळलेलं बरं असतं.

आणि जागा बदला. हे टूर लीडरला पहिल्याच संध्याकाळी सुचवा: दर दोन दिवसांनी सगळ्यांनी जागा बदलायच्या, गाडी लागणारे सोडून. नाहीतर चौथ्या दिवसापर्यंत बसमध्ये वस्त्या पडतात. मागे पोर्तुगीज आणि स्पॅनिश, मध्ये इंग्रजी, पुढे तैवान आणि जपान, आणि मग एकमेकांशी बोलणं म्हणजे "चिप्स पुढे पाठव" एवढंच उरतं. आपल्याकडचे दोघंतिघं असलात तर तुमचीही वस्ती होईल. बसमधली माझी सगळ्यात चांगली ओळख अर्जेंटिनाच्या एका मुलीशी झाली, तीही तिला खिडकी हवी होती आणि मला मधल्या वाटेकडे पाय पसरायचे होते म्हणून.

सीटला पट्टा असेल तर लावायचा. युरोपात तो नियम आहे, दंड होऊ शकतो. गाणं कितीही चांगलं लागलं तरी चालत्या बसच्या मधल्या वाटेत नाचायचं नाही. एक करकचून ब्रेक पुरतो.

पायाशी ठेवायची पिशवी

सुटकेस डिकीत गेली की रात्रीपर्यंत हाती लागत नाही, असं समजूनच पायाशी ठेवायची पिशवी भरा. पासपोर्टचं पाकीट यात नको, ते अंगावर. पाण्याची रिकामी बाटली, सुका खाऊ, गोळ्या, टूथब्रश, एक जोडी मोजे, पॉवर बँक, छोटा टॉवेल, दोन-तीन रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या. पिशव्या ओल्या कपड्यांसाठी, आणि वेळ आली तर शेजारच्यासाठी.

एक मोठा स्टोल घ्या, मुलगे असलात तरी. एसीत पांघरूण होतं, घडी केली की खिडकीशी उशी होते, आणि रोमला सेंट पीटर्समध्ये शिरताना खांदे झाकता येतात. तिथे उघडे खांदे आणि गुडघ्याच्या वरचे कपडे चालत नाहीत. दारावरून परत पाठवतात आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. मानेभोवतीची फुगवायची उशी मला कधीच आवडली नाही. पण ज्यांना आवडते ते तिच्याविषयी फार प्रेमाने बोलतात.

बसमधले यूएसबी पॉइंट असले तरी सगळे चालतात असं नाही. जर्मनीत घेतलेल्या चार्जरचा प्लग जाड गोल असेल तर तो स्वित्झर्लंडच्या सॉकेटमध्ये जात नाही, इटलीतही बऱ्याच ठिकाणी जात नाही. चपटा, दोन बारीक पिनांचा जातो. मोबाइलचं सिम २०१७पासून सगळ्या युरोपियन युनियनमध्ये जादा पैसे न पडता चालतं, पण स्वित्झर्लंड त्या नियमात नाही. तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे की नाही ते बघून घ्या. बस स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड बोगद्यातून इटलीला जाणार असेल तर सीमेवरच्या बासेलच्या आधी डेटा बंद करा. जवळजवळ १७ किलोमीटरच्या त्या बोगद्यात डेटा असून तरी काय करणार.

टूर मार्चअखेरीला असेल तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, मनगटी घड्याळ बदलत नाही. आदल्या रात्री झोपेतला एक तास कमी आहे हे सगळ्या खोलीला सांगा.

थांबे, पाणी, सुटी नाणी

बसमध्ये टॉयलेट असतं, पण ड्रायव्हर ते फक्त अडीनडीला उघडतो. तसंच बरं आहे, वासाचा विचार करा. म्हणून प्रत्येक थांब्यावर जाऊन यायचं, गरज वाटो न वाटो. जर्मन हायवेवर बऱ्याच ठिकाणी फिरत्या दांड्याच्या फाटकात नाणं टाकावं लागतं. सानिफेअर या कंपनीच्या टॉयलेटला १ युरो पडतो आणि १ युरोचं कूपन मिळतं, ते तिथल्या दुकानात खरेदीवर चालतं. पण हायवेवरची दुकानं महाग, त्यामुळे कूपनं साठवून कुणा एकाला देतात आणि तो सगळ्यांसाठी काहीतरी घेतो, ही आमच्या बसची पद्धत होती. दुकानात एका वेळी किती कूपनं चालतात ते आधी विचारा. ५० सेंट आणि १ युरोची नाणी एका छोट्या डबीत वेगळी ठेवा. ती नाणी आइस्क्रीमला खर्च करायची नाहीत.

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचं कारण नाही. व्हिएन्नात नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. रोममध्ये रस्त्यात जागोजागी लोखंडी खांबासारखे नळ आहेत, वाकडी तोटी असलेले, सतत वाहणारे. त्यांना नाझोनी म्हणतात. तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या छोट्या भोकातून कारंज्यासारखी धार उडते आणि न वाकता पिता येतं. हे मला एका रोमन आजोबांनी न बोलता, नुसतं करून दाखवलं.

जर्मनीत घेतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते, पण जर्मनीतच. सीमेआधीच्या शेवटच्या मुक्कामी बसभरच्या बाटल्या गोळा केल्या तर सगळ्यांच्या पिझ्झ्याला हातभार लागतो. आणि रविवारचा अंदाज ठेवा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि पेट्रोल पंपावरची तेवढी उघडी सापडतात. शनिवारी संध्याकाळी खाऊ भरून ठेवा.

शाकाहारी असाल तर टूरच्या फॉर्ममध्ये नुसतं तेवढं लिहून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, टूनाही नाही, असं सविस्तर लिहा. गटाचं जेवण आधी ठरलेलं असतं आणि पन्नास ताटांत तुमचं एक ताट चुकायला वेळ लागत नाही. स्पेनमध्ये सॅलडवर टूना येणं तर ठरलेलंच. पिशवीतला खाऊ याच दिवसांसाठी.

मोजणी

पन्नास नावं वाचत बसलं तर दहा मिनिटं जातात. नंबर द्या. आमच्याकडे प्रत्येकाचा नंबर ठरलेला होता आणि बस सुटताना एकापासून शेवटपर्यंत ओरडत जायचं. तिसऱ्या दिवसापासून रोज वेगळ्या भाषेत. ज्या दिवशी मराठीची पाळी आली त्या दिवशी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या तिघांनी माझ्याशी दिवसभर अबोला धरला. मजा वेगळी, पण यात एक खरी सोय आहे. कोण नाही हे नंबर अडतो तिथे लगेच कळतं. शेजाऱ्याने "तो येतोय" म्हणून दुसऱ्याचा नंबर ओरडायचा नाही, हा एकच कडक नियम ठेवा.

वाट चुकलात तर शोधत फिरू नका. शेवटची ठरलेली भेटायची जागा गाठा आणि तिथेच थांबा. लीडरचा नंबर कागदावर लिहून खिशात असू द्या, कारण फोन नेमका अशाच वेळी बंद पडतो. खरंच अडचण असेल तर ११२, सगळ्या युरोपियन युनियनमध्ये तोच.

शहरात मिळालेले तीन तास

मोठी बस शहराच्या पोटात जात नाही. फ्लॉरेन्ससारख्या जुन्या शहरांत मधल्या भागात गाड्यांना मुभाच नसते. व्हेनिसला तर बस ट्रोंकेटो नावाच्या बेटावर उतरवते आणि पुढे बोट किंवा पियात्साले रोमापर्यंतची छोटी ट्रेन. म्हणून तीन तास म्हटले की जाण्यायेण्याचे वजा करून हातात दोन उरतात.

दोन तासांत एकच गोष्ट करा. फ्लॉरेन्सला गटातले बरेच जण पॉन्ते वेक्कियो हा जुना पूल, डुओमो म्हणजे मुख्य चर्च, बाजार, सगळं पळत करतात आणि फोटोंपलीकडे त्यांना काही आठवत नाही. आम्ही तिघं पियात्साले मिकेलांजेलोपर्यंत चढून गेलो, वरून सगळं शहर दिसतं, तिकीट नाही, आणि तिथेच सँडविच खाल्लं. डुओमोच्या घुमटावर चढायचं असेल तर ४६३ पायऱ्या आणि वेळेचं आगाऊ तिकीट. ऐन वेळी जाऊन जमत नाही. प्रागच्या १४१०च्या खगोलीय घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते आणि सगळ्यांचे चेहरे वर असतात. खिसेकापूंनाही ही वेळ माहीत आहे. बॅग पुढे घ्या. रोमची ६४ नंबरची बस, बार्सिलोनाची ला रांब्ला, पॅरिसची मेट्रो, इथेही तेच. पॅरिसमध्ये कुणी सहीसाठी कागद पुढे केला किंवा साक्रे-केरच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधायला आला, तर हात खिशात घालून चालत राहा. उत्तरही देऊ नका.

म्युझियमचे वार बघा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से आणि जवळचा व्हर्साय राजवाडा सोमवारी, फ्लॉरेन्सचं उफीझीही सोमवारी. टूरच्या कागदावर "मोकळा वेळ" कुठल्या वारी आहे त्यावर तुमचा बेत ठरतो. तिकिटाचं एक गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८ वर्षांखालच्यांना लूव्रमध्ये आणि इटलीच्या सरकारी म्युझियममध्ये प्रवेश फुकट, कुठल्याही देशाचे असा. १८ पूर्ण झाली की फरक पडतो. लूव्र विचारतं तुम्ही राहता कुठे, त्यामुळे युरोपियन युनियनचा रहिवास परवाना असलेल्या २६ वर्षांखालच्यांना तिथे फुकट जाता येतं. इटली विचारते नागरिक कुठले, त्यामुळे तिथे २ युरोंची सवलत भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, पूर्ण तिकीट पडतं. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली सरकारी म्युझियम सगळ्यांनाच फुकट असतात. फुकट असलं तरी लूव्रसाठी वेळ आधी आरक्षित करून ठेवावी.

माणसं

रोटरीचे चार नियम सगळ्यांना पाठ असतात: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, गाडी चालवायची नाही, प्रेमप्रकरण नाही. जर्मनीत सोळाव्या वर्षी बियर कायद्याने मिळते. पण तुम्ही टूरवर संस्थेच्या नियमाखाली असता, आणि नियम मोडला तर वर्ष अर्धवट सोडून घरी पाठवतात. बाकीचे पीत असतील तर खोलीत थांबू नका. एवढं सोपं आहे, आणि त्या क्षणी तेवढंच अवघडही. "मला झोप आली आहे" हे कारण जगातल्या कुठल्याही भाषेत चालतं.

टूरच्या मध्यावर एक दिवस असा येतो की सगळ्यांचं सगळ्यांशी बिनसतं. झोप अपुरी, पाय दुखतात, कुणाचा तरी टॉवेल कुणी तरी वापरलेला असतो. त्या दिवशी कुणाशी मैत्री तुटल्याचं जाहीर करू नका. कानात इयरफोन घालून खिडकीला टेकून बसा. बसमध्ये एकटं राहण्याची ती सर्वमान्य पद्धत आहे, कुणाला राग येत नाही.

कपडे

चार दिवसांचे कपडे घ्या, कितीही दिवसांची टूर असो. लाँड्री यंत्राला सुटी नाणी लागतात, किंवा काउंटरवरून टोकन. यंत्र दोघांतिघांत मिळून लावा. हाताने धुतलेला टीशर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला तर सकाळपर्यंत वाळतो. न वाळलेला कपडा बसच्या पडद्याच्या दांडीला लटकवू नका. होस्टेलमध्ये चादरी स्वतः घालायच्या आणि निघताना काढून टोपलीत टाकायच्या असतात. बऱ्याच होस्टेलांत स्वतःची स्लीपिंग बॅग वापरू देत नाहीत, ढेकणांच्या भीतीने. तेव्हा ती उगीच उचलून नेऊ नका.

शेवटच्या दोन दिवसांत

ड्रायव्हरसाठी वर्गणी शेवटच्या सकाळी काढू नका, तेव्हा सगळ्यांचे पैसे संपलेले असतात. दोन दिवस आधी, एका पाकिटात, प्रत्येकाने जमेल तेवढं. फोटोंसाठी एकच सामाईक फोल्डर ठेवा आणि वायफाय असलेल्या शेवटच्या मुक्कामी सगळ्यांना बसवून चढवायला लावा. "घरी जाऊन टाकतो" म्हणणाऱ्यांचे फोटो येत नाहीत.

एक्स्चेंजची पोरं ब्लेझरवर देशोदेशीचे छोटे बिल्ले लावतात; त्या पिना घरून मूठभर जास्त आणा. त्यांची अदलाबदल शेवटपर्यंत चालते आणि भारताच्या पिनांना मागणी असते. सह्यांचं मात्र नीट ऐका. बाकीच्या देशांची पोरं आपापल्या झेंड्यावर सगळ्यांच्या सह्या घेतात. ब्राझीलचे, मेक्सिकोचे झेंडे सह्यांनी भरलेले दिसतील आणि कुणी तरी तुम्हालाही तिरंगा पसरायला सांगेल. तिरंग्यावर काहीही लिहिणं आपल्या कायद्याने गुन्हा आहे, राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानासंबंधीचा १९७१चा कायदा. त्यांना शांतपणे सांगा, समजून घेतात. मी पांढऱ्या सुती कापडाचा एक मोठा तुकडा नेला होता. कपड्यांसाठीचा मार्कर घ्या, साधा पेन पहिल्या धुण्यात जातो. आणि सह्या हायवेवर चालत्या बसमध्ये घेऊ नका, अक्षर लागत नाही. ४५ मिनिटांच्या थांब्यात घ्या.